धुक्यातली परात

गडहिंग्लजकडून कारखान्याला जाणारा रस्ता हिरण्यकेशी नदीकाठच्या मळीत उतरतो, तिथं एक वळण आहे. उन्हाळ्यात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. थंडी पडली आणि उसाचा हंगाम सुरू झाला की मात्र पहाटे नदीवरून धुकं उठतं, उभ्या उसात मुरतं, रस्त्यावर येऊन बसतं आणि दिवस कासराभर वर येईपर्यंत हलायचं नाव घेत नाही. बैलाची शेपटी दिसते पण शिंगं दिसत नाहीत, असं ते धुकं. आणि नेमकं याच दिवसांत सगळं जग त्या रस्त्यावर असतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, दुधाचे टेंपो, कारखान्याच्या पाळीला निघालेल्या मोटारसायकली.

ट्रॅक्टरवाल्यांची तऱ्हा तर विचारूच नका. ट्रॉलीला मागं लाल दिवा नसेल, ब्रेक धड नसतील, पण डोक्यावर टेप पाहिजे म्हणजे पाहिजेच. तोही असा, की ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं गावात पोचलं पाहिजे. पोलिसांनी सांगून झालं, कारखान्यानं सांगून झालं, कुणाच्या बापाला त्यांनी जुमानलं नाही. फक्त एका ठिकाणी ते आपणहून टेप बंद करायचे. मळीच्या वळणाच्या अलीकडे, धुक्यात. कारण तिथं शांतव्वाची परात ऐकायची असे.

शांतव्वाचं घर वळणालगतच्या मळ्यात. नवरा वीरभद्राप्पा आधीच गेलेला. थोरला सोमेश कारखान्यात फिटर होता. एका सकाळी धुक्यातच पाळीवर निघाला आणि वळणावर पंक्चर होऊन उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळला. घरापासून हाकेच्या अंतरावर. शांतव्वा तेव्हा चुलीपुढं भाकरी थापत होती. आवाज तिनं ऐकला होता. कुणाची तरी उसाची मोळी पडली असं तिला वाटलं आणि तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. ती भाकरी तिनं स्वतःला कधीच माफ केली नाही.

पुढच्या हंगामात पहिलं धुकं पडलं त्या दिवशी ती घरातली पितळी परात आणि लोखंडी बत्ता घेऊन वळणावर जाऊन उभी राहिली. लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण परातीचा ठण् ठण् आवाज धुक्यातून लांबवर जायचा आणि वळण कुठं आहे ते कानाला कळायचं. हळूहळू ड्रायव्हर लोक त्याच्यावर विसंबायला लागले. आवाज आला की टेप बंद, वेग कमी. टेप बंद झाला की समोरून येणारं वाहनही ऐकू यायचं. परातीजवळून जाताना प्रत्येक जण ओरडायचा, "अव्वा, निघालो." ती म्हणायची, "हळू जा रं." तोंड कुणाचंच कुणाला दिसत नसे.

धाकटी विद्याश्री गडहिंग्लजच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. आपली आई रस्त्यावर परात बडवत उभी राहते, याची तिला आधी लाज वाटायची. मग भीती वाटायला लागली. गेल्या हंगामात एका ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांनी शांतव्वाला असा फटका मारला, की ती परातीसकट चरीत जाऊन पडली. खांदा उतरला होता. त्या दिवशी विद्याश्री आईवर खूप चिडली, रडली, भाऊ गेला आता तूही जा आणि मला मोकळं कर, असंसुद्धा बोलून गेली. शांतव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि खांद्याला हळद लावून पुढच्या धुक्याला पुन्हा उभी राहिली. तेव्हा विद्याश्रीनं ओळखलं, की आईला रस्त्यावरून हलवायचं असेल तर रस्त्यावरून धुकंच हलवायला पाहिजे.

आता धुकं हलवणं म्हणजे काय पोतं हलवणं आहे? पण बाई हट्टाला पेटली होती. ती वर्गात पोरांना शिकवायची तेच तिच्या डोक्यात फिरत होतं. धुकं म्हणजे पाण्याचे थेंबच, फक्त इतके बारीक की वजनानं खाली पडत नाहीत. त्यांना विजेचा भार दिला तर? बारीक तारेत मोठ्या दाबाची वीज सोडली की तारेभोवतीची हवा भारित होते, तो भार थेंबांना चिकटतो आणि जवळच जमिनीशी जोडलेली जाळी असेल तर थेंब तिच्याकडे ओढले जाऊन तिथंच पाणी होऊन गळतात. जगात कुठं कुठं लोकांनी असे प्रयोग केले होते. मळीत कुणी केला नव्हता एवढंच.

सुट्टी असली की ती एसटीनं कोल्हापूर गाठायची. उद्यमनगरातल्या एका कारखानदाराकडून तिनं हवा तसा ट्रान्सफॉर्मर करून घेतला. त्या भल्या माणसानं तीनतीनदा विचारलं, की बाई, हे नक्की कशाला पाहिजे? धुक्याला, म्हटल्यावर त्यानं चहा मागवला. गावात तर चेष्टेला ऊत आला. लोक रानात डुकरं अडवायला तारेत झटका सोडतात, ही धुक्याला झटका देणार म्हणून पारावर हसून हसून माणसं बेजार झाली. सरपंच हंबीरराव मात्र हसला नाही. सोमेश त्याच्या बरोबरीचा. त्यानं कारखान्याकडून खांब मिळवून दिले, पंचायतीचा ठराव करून दिला. वळणाच्या दोन्ही अंगांना खांब उभे राहिले, वर माणसाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर बारीक तारा, पाठीमागं तारेची जाळी, आणि धोक्याच्या पाट्या. मेन स्विच शांतव्वाच्या सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या भिंतीवर बसवला.

पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला तारेवर ओल धरून ठिणग्या उडाल्या आणि हसणाऱ्यांची सोय झाली. पण मार्गशीर्षातल्या एका सकाळी, वारा अजिबात नसताना, विद्याश्रीनं स्विच ओढला आणि तारा बारीक सिसकारू लागल्या. जांभळट उजेड दिसला न दिसला. मग जाळीवरून पाणी ठिबकायला लागलं, आधी थेंब थेंब, मग धार लागल्यासारखं. आणि वळणावरचं धुकं विरळ होत होत चक्क गेलं. दोन्ही बाजूंना धुक्याची भिंत तशीच उभी आणि मधे वळण उघडं, धुतल्यासारखं. रस्त्यावरचा पांढरा पट्टा दिसत होता. सोमेश पडला ती जागा दिसत होती. विद्याश्री आनंदानं रडली.

त्याच दिवशी तिनं आईकडून शब्द घेतला. शांतव्वाच्या गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग असायचं. जन्मल्यापासूनचं, मातीत जाईपर्यंत सोबत राहणारं. त्याला हात लावून दिलेला शब्द शांतव्वानं उभ्या आयुष्यात कधी मोडला नव्हता, आणि हे लेकीला पक्कं ठाऊक होतं. मशीन चालू असेल तोवर मी वळणावर जाणार नाही, असं शांतव्वा करंड्यावर हात ठेवून म्हणाली. म्हणताना तिचा चेहरा पडला होता. विद्याश्रीनं तो पाहिला, पण आई जिवंत राहील, एवढाच विचार तिच्या मनात होता.

मग काय, पारावरचे तेच लोक पाव्हण्यारावळ्यांना वळण दाखवायला आणू लागले. पेपरात फोटो आला. कॉलेजात सत्कार झाला, नारळ आणि फेटा मिळाला. विद्याश्री पहाटे उठून स्विच ओढायची, चहा घेत सोप्यात बसायची आणि समोरचं उघडं वळण बघत राहायची. तिला आयुष्यात इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

शांतव्वाला मात्र घर खायला उठलं. धुकं पडलं की तिला जाग यायची. ती उगाच आतबाहेर करायची. परात फळीवरून काढायची, पुसायची, परत ठेवायची. आता जाणारा कुणी 'अव्वा, निघालो' म्हणत नव्हता, म्हणायचं कारणच उरलं नव्हतं. तिचा लाडका होता राजवीर, शेजारच्या गावचा, तोंडाचा फाटका पण मनाचा मोकळा ट्रॅक्टरवाला. तो एकटा अधूनमधून घराकडे बघून हात करायचा.

एका सकाळी शांतव्वा अंगणात उभी राहून बराच वेळ रस्त्याकडे कान देत होती. मग आत आली आणि म्हणाली, "विद्या, गाणी बंद होत न्हाईत गं आता."

"कुठली गाणी?"

"ट्रॅक्टरची. पयलं वळणाच्या आधी समदं गप व्हायचं. आता टेप मोठा करून जात्यात."

विद्याश्री पेपर तपासत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "आता दिसतंय की अव्वा. ऐकायचं कशाला?"

शांतव्वा परत अंगणात गेली. आईनं प्रश्न विचारला नव्हता, काहीतरी सांगितलं होतं, हे लेकीच्या ध्यानात आलं नाही. शिकलेल्या माणसाला आपलं उत्तर एकदा बरोबर आलं की पुढचं ऐकू येत नाही, तसलाच प्रकार.

तिळगुळाचे दिवस नुकतेच सरले होते, तेव्हा ते घडलं. त्या सकाळचं धुकं नेहमीपेक्षा दाट होतं. विद्याश्रीनं स्विच ओढला, वळण उघडं झालं, आणि ती अंघोळीला गेली. राजवीर भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन धुक्यातून चाचपडत आला. उघड्या जागेत शिरला तसा त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं टेप मोठा केला, ॲक्सिलेटर वाढवला आणि त्याच वेगात पलीकडच्या धुक्यात घुसला. समोरून ज्ञानूचा दुधाचा टेंपो येत होता. ज्ञानू बिचारा सारखा हॉर्न वाजवत होता. राजवीरला गाण्यात तो ऐकू गेला नाही. टेंपो चुकवायला त्यानं ट्रॅक्टर वळवला, ट्रॉली कलंडली, आणि उडी मारायला गेलेल्या राजवीरचा पाय उसाखाली आला. ज्ञानूला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. कॅन फुटून दूध रस्ताभर वाहत होतं. माणसं ऊस उपसत होती आणि उपसता उपसता त्या दुधात घसरत होती.

राजवीरला कोल्हापूरला हलवलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

विद्याश्री दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. सगळी वाट तिनं मनाची तयारी केली होती. त्याची आई अंगावर धावून येईल, शिव्या देईल, तर खाली मान घालून ऐकून घ्यायचं. पण राजवीरच्या आईनं, चिमणाबाईनं, तिला बघताच हात जोडले. म्हणाली, "बाई, तुमच्या मशिनीमुळं वळण तरी दिसलं. न्हाईतर माझं लेकरू जाग्यावरच गेलं असतं."

विद्याश्रीला तिच्याकडे बघवेना. ती कॉटजवळ गेली. राजवीरचा चेहरा मेणासारखा झाला होता, पण शुद्धीवर होता. त्यानं आधी अव्वाची चौकशी केली. मग छताकडे बघत म्हणाला, "उजेड दिसला, वाटलं झालं धुकं. ते पुढं हाय, ह्ये इसरूनच गेलो बघा. परात वाजत असती तर ध्यानात ऱ्हायलं असतं."

एवढंच. त्यात दोष दिल्याचा सूरसुद्धा नव्हता. तो थोडं हसलाही.

गावातही कुणी मशीनला नाव ठेवलं नाही. राजवीर पळवतच होता, पोरांना दम नसतो, नशीब दुसरं काय, अशी सगळ्यांनी आपापली समजूत घालून घेतली. उलट हंबीरराव कारखान्यात जाऊन आला आणि आणखी खांब मिळतात, वळणाच्या पुढंही तारा ओढू, असं मोठ्या उमेदीनं सांगून गेला. विद्याश्री हो म्हणाली आणि रात्रभर तळमळत राहिली. खांब कितीही वाढवले तरी कुठंतरी संपणार होते. आणि जिथं संपतील तिथं उजेडाला सरावलेला माणूस टेप लावून, निर्धास्त होऊन धुक्यात शिरणार होता. धुकं काढता काढता आपण रस्त्यावरचं ऐकणंच काढून टाकलं, हे तिला आता स्पष्ट दिसत होतं. पण ते तोंडानं कबूल करायचं म्हणजे आईला पुन्हा त्या रस्त्यावर, त्या उसाच्या शेंड्यांपुढं नेऊन उभं करायचं. तिनं चार लोकांच्या समजुतीत आपलीही समजूत घालून बघितली. धुकं पडत राहिलं, ती स्विच ओढत राहिली. प्रत्येक ट्रॅक्टरचं गाणं वळण पार करून पुढं जाईपर्यंत ती चहाचा कप तसाच धरून बसायची.

तिला कुणीतरी बोलायला हवं होतं. कुणीच बोलेना. शेवटी एका सकाळी, स्विच ओढल्यावर तिथंच उभं राहून, तिनं आईला विचारलं, की सगळं गाव गप आहे ते ठीक, पण तू का काही म्हणत नाहीस?

शांतव्वा चुलीपुढं होती. तिनं पिठाचे हात पुसले.

"काय म्हणू? त्या दिशी मी फाटकात हुतो. इकडनं राजूचं गाणं येत हुतं, तिकडनं ज्ञानूचा हारन. दोन्ही मला ऐकू येत हुतं, विद्या. दोघं एकमेकावर चाललेत, ह्ये कळत हुतं मला. परात हातात हुती."

"मग वाजवायची नाहीस?"

"फाटकातनं वाजवली की. गाण्यात कुणाला जातीया ऐकू? रस्त्यावर जायला पायजे हुतं." तिचा हात गळ्यातल्या करंड्यावर गेला. "मशीन चालू हुतं. शबूद दिलावता मी तुला."

 सोमेशच्या वेळी आईनं ऐकलं होतं आणि तिला कळलं नव्हतं. या वेळी तिला कळलं होतं, आणि फाटकाच्या आत तिला बांधून ठेवलं होतं ते लेकीनं. त्यापेक्षा तिला चरीत पडू दिलं असतं तर बरं, असं विद्याश्रीला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला भयंकर शरम वाटली. आईच्या पायाशी बसून रडावं असं तिला वाटत होतं. पण बाहेर धुकं होतं आणि लांबून एक गाणं येत होतं.

तिनं स्विच खाली ओढून बंद केला.

तारांची सिसकारी थांबली. थोडा वेळ वळण तसंच उघडं राहिलं. मग दोन्ही बाजूंच्या भिंती हळूहळू आत सरकू लागल्या. पांढरा पट्टा गेला, खांब गेले, सोमेशची जागा गेली. शांतव्वा सोप्यात येऊन ते बघत होती. तिला काही सांगावं लागलं नाही. ती आत गेली आणि फळीवरून परात घेऊन आली. तिच्या खांद्याला परात पेलताना कळ लागते, हे विद्याश्रीला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"अव्वा, दे इकडं. मी जाते."

"साकु," शांतव्वा कानडीत म्हणाली. पुरे. "एकटीनं वळणाची दोन तोंडं कशी धरशील? तू बत्ता आन ती कळशी घे. नदीकडच्या तोंडाला जा. मी वरच्या तोंडाला ऱ्हातो. आन चरीच्या पल्याड हुबी ऱ्हा, शेंडं लागत्यात."

"मग तू कशानं वाजवणार?"

शांतव्वानं चुलीजवळचं उलथणं उचललं.

दोघी फाटकातून बाहेर पडल्या आणि पाच-सहा पावलांतच एकमेकींना दिसेनाशा झाल्या. विद्याश्री चाचपडत नदीकडच्या बाजूला आली. चरीच्या पलीकडे, गवतात. हाताला गार कळशी, पायाखाली ओल, आणि पुढं काही म्हणजे काहीच नाही. इतकी वर्षं आई कुठं उभी राहत होती ते तिला आज कळत होतं. वरच्या बाजूनं परात वाजायला लागली तशी तिनंही कळशीवर बत्ता मारला. पहिला घाव जोरात बसला आणि हाताला झिणझिण्या आल्या. परातीचा आवाज मधे जरा थांबला की ती बत्ता तसाच धरून कान द्यायची. पुन्हा ठण् झालं की ती पुढचा घाव घालायची.

ते गाणं जवळ येत होतं. त्याच्या मागं आणखी एक, वेगळंच. विद्याश्री जिवाच्या करारावर कळशी बडवत राहिली. त्यांना ऐकू जाईल का, गेलं तरी आठवेल का, हे तिला ठाऊक नव्हतं.

पहिलं गाणं मधेच तुटलं. थोड्या वेळानं दुसरंही बंद झालं. मग नुसती इंजिनांची घरघर राहिली, आणि पलीकडून येणाऱ्या एका टेंपोचा हॉर्न, स्वच्छ ऐकू येणारा. ट्रॅक्टर अगदी सावकाश जवळ आला. ड्रायव्हर कोण होता ते दिसलं नाही. धुक्यातून नुसता आवाज आला.

"अव्वा, आलीस व्हय परत?"

हाक विद्याश्रीला नव्हती, आईला होती. पण जाणारा माणूस उत्तराची वाट बघत असतो, हे तिनं लहानपणापासून घरात बसून ऐकलं होतं.

"व्हय रं," ती म्हणाली. "हळू जा."